"याला इतके पाय का आहेत?" : चित्रं, आलेख आणि आकृत्या अंध वाचकांपर्यंत पोचवताना

मी पहिल्यांदा बनवलेलं स्पर्शचित्र डोळ्याच्या रचनेचं होतं. विज्ञानाच्या पुस्तकात असते तीच आकृती: पारपटल, बाहुली, भिंग, दृष्टिपटल, मागून निघालेली दृक्‌चेता, आणि प्रत्येक भागाकडे नावाची एकेक रेघ. मी ती जशीच्या तशी उठावात काढली. रेघा छान फुगल्या होत्या. कागद नववीतल्या एका मुलीच्या हातात दिला. जन्मापासून अंध, अभ्यासात हुशार. तिने दोन्ही हातांनी बराच वेळ कागद चाचपला आणि विचारलं, "मॅडम, याला इतके पाय का आहेत?"

पाय म्हणजे नावांच्या रेघा. गोल हा डोळा आणि रेघा नावांसाठी, हे पाहणारी माणसं इतक्या लहानपणी शिकतात की शिकल्याचंही आठवत नाही. बोटाला मात्र रेघ ती रेघ. उठाव आणणाऱ्या यंत्राने त्याचं काम चोख केलं होतं. मी चित्र उचलून दुसऱ्या कागदावर ठेवलं होतं, आणि चित्र जे सांगत होतं ते पुस्तकातच राहिलं होतं.

त्यानंतर पुस्तकं, अहवाल आणि संकेतस्थळं यांतल्या चित्रांवर काम करताना जी पद्धत हाताला बसत गेली, ती इथे क्रमाने मांडते आहे. शिकवणाऱ्यांना, पालकांना, संकेतस्थळ सांभाळणाऱ्यांना आणि दर महिन्याला आलेखांनी भरलेलं सादरीकरण पाठवणाऱ्यांना यातलं काही ना काही लागेलच.

पहिली पायरी: हे चित्र इथे काय करतंय?

कुठलंही साधन उघडण्याआधी एका वाक्यात उत्तर लिहा: हे चित्र काढून टाकलं तर वाचक कशाला मुकेल? उत्तर बऱ्याचदा चित्रात नसतं, ते चित्र कुठे बसवलंय त्यात असतं. एका पुलाचा फोटो घ्या. पूल कोसळल्याच्या बातमीत तो कठडा कुठे तुटला, किती भाग पाण्यात गेला हे सांगतो. स्थापत्यशास्त्राच्या धड्यात तोच फोटो कमानीवरचा भार खांबांकडे कसा उतरतो हे दाखवतो. एखाद्या संस्थेच्या पानावर वरच्या पट्टीत असेल तर तो नुसता शोभेला आहे. फोटो एक, वर्णनं दोन, आणि तिसऱ्या ठिकाणी वर्णनच नको.

वाक्य लिहिता आलं की मार्ग बराचसा ठरतो. सार घटनेत किंवा व्यक्तीत असेल तर शब्द पुरतात. आकड्यांत असेल तर तक्ता हवा, जमल्यास आवाजही. आकारात असेल, कशाच्या शेजारी काय आहे यात असेल, तर शब्दांची दमछाक होते आणि बोटांखाली काहीतरी द्यावं लागतं: डोळा, नकाशा, भूमितीची आकृती, विजेचं मंडल. पायथागोरसचा सिद्धान्त शब्दांत सांगता येतो, पण काटकोन त्रिकोणाच्या तीन बाजूंना तीन चौरस कसे चिकटलेत हे तोंडी सांगून पाहा. ऐकणाऱ्याआधी सांगणारा वैतागतो.

कधी कधी ते वाक्य लिहून होतच नाही, कारण शेजारच्या परिच्छेदात सगळं आलेलं असतं. मग खुशाल ते चित्र सोडून द्या. प्रत्येक चित्र पोचवायचंच हा हट्ट वाचकाचा वेळ खातो.

दुसरी पायरी: ऑल्ट टेक्स्ट

स्क्रीन रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम. तो चित्रावर आला की 'ग्राफिक' किंवा 'इमेज' असं म्हणतो आणि चित्राला जोडलेला पर्यायी मजकूर वाचतो. विंडोजवर एनव्हीडीए आणि जॉज, आयफोनवर व्हॉइसओव्हर, अँड्रॉइडवर टॉकबॅक, सगळ्यांची रीत हीच. हा मजकूर म्हणजे ऑल्ट टेक्स्ट. वर्ड आणि पॉवरपॉइंटमध्ये चित्रावर राइट क्लिक केलं की तो भरायचा पर्याय सापडतो. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतला पहिलाच निकष, १.१.१, याचा आहे, आणि तो 'ए' पातळीचा, म्हणजे किमान अपेक्षेतला. २००८च्या दुसऱ्या आवृत्तीपासून २०२३च्या २.२ आवृत्तीपर्यंत त्याची जागा हललेली नाही.

लिहिताना 'या चित्रात असे दिसते की' ने सुरुवात करू नका. 'ग्राफिक' हा शब्द आधीच ऐकून झालेला असतो. थेट मुद्द्यावर या. एकदोन वाक्यं पुरेत, कारण ऑल्टला परिच्छेद नसतात, मथळे नसतात. लांबला की ऐकणाऱ्याला मध्येच थांबून मागे जाणं जड जातं. रंग टाळायचं कारण नाही. जन्मांध माणसालाही लाल दिव्याचा अर्थ माहीत असतो, आणि अनेक वाचकांनी दृष्टी नंतर गमावलेली असते.

बटणावरच्या चित्राला त्याचं काम लिहायचं, रूप नाही. शोधायच्या बटणावर भिंग काढलेलं असेल तर ऑल्ट 'शोधा'. 'भिंग' ऐकून कुणी काय करावं?

रिकामा ऑल्ट आणि न दिलेला ऑल्ट यांत फरक आहे, आणि भल्याभल्यांचा इथे घोटाळा होतो. शोभेच्या चित्राला ऑल्ट मुद्दाम रिकामा ठेवला की स्क्रीन रीडर न थांबता पुढे जातो. ऑल्ट मुळात दिलाच नाही तर, विशेषतः चित्रावर लिंक असेल तेव्हा, तो फाइलचं नाव वाचायला लागू शकतो: 'आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य दोन चार…' एकदा कानांनी ऐका, पुन्हा विसरणार नाही.

सगळ्यात जास्त त्रास मात्र चित्र झालेल्या मजकुराचा आहे. सूचना, वेळापत्रक, निमंत्रण, सगळं हल्ली एक सुंदर सजवलेलं चित्र म्हणून फिरतं. स्क्रीन रीडरला त्यात अक्षर दिसत नाही. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र, मदत करतं, पण नक्षीदार देवनागरीत काना-मात्रा गाळतं आणि तारखेतला एक आकडा चुकला की माणूस भलत्या दिवशी हजर. चित्र पाठवा, हरकत नाही. त्याच संदेशात सगळा मजकूर टाइप करूनही द्या.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या छपाईच्या फॉन्टात टाइप केलेला मजकूर डोळ्याला मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात; स्क्रीन रीडर ती इमानदारीत वाचतो आणि ऐकणाऱ्याला नुसती अर्थहीन बडबड ऐकू येते. दोन, पानाची भाषा मराठी आहे हे पानाच्या कोडमध्ये सांगा. नाहीतर आवाज कुठल्या भाषेचा लावायचा हे यंत्राला कळत नाही.

तिसरी पायरी: आलेख, तक्ते, फ्लोचार्ट

समजा एका वाचनालयाने वर्षभरात दिलेल्या पुस्तकांचा रेषालेख आहे. त्याला मी आजवर पाहिलेले ऑल्ट साधारण दोन प्रकारचे असतात. पहिला: 'आलेख'. दुसरा: 'निळी रेघ वर जाते, मग खाली येते, मग पुन्हा थोडी वर जाते'. पहिल्यात काहीच नाही. दुसऱ्यात शाई आहे, माहिती नाही. मी असं लिहीन:

'रेषालेख: दर महिन्याला दिलेली पुस्तकं. जानेवारीत ४२०, मेपर्यंत वाढत ९१०, जूनमध्ये एकदम ३८०. पुढे डिसेंबरपर्यंत हळूहळू ५५०. पूर्ण आकडे खालच्या तक्त्यात.'

आणि खाली खरोखर तक्ता. आलेखासोबत त्यामागचे आकडे देणं ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक सोय आहे. माझं वर्णन हे माझं मत असतं. मी मे महिन्याला महत्त्व दिलं, वाचकाला कदाचित ऑगस्ट पाहायचा असेल. तक्ता म्हणजे तक्त्याचा फोटो नव्हे, हे सांगावं लागतं याचं वाईट वाटतं. पहिली ओळ शीर्षक-ओळ म्हणून नोंदवा आणि चौकटी एकमेकींत मिसळू नका, म्हणजे वाचक उभा-आडवा फिरताना 'मे, ९१०' असं जोडीने ऐकतो.

लांब वर्णन लागलंच तर क्रम ठरवून घ्या: आधी आलेखाचा प्रकार, मग अक्ष आणि एकक, मग आकडे कुठून कुठपर्यंत, मग कल, शेवटी नियम मोडणारे बिंदू. ऐकणाऱ्याला आधी रिकामी खोली दाखवायची, मग सामान.

फ्लोचार्टचं वर्णन करण्याच्या फंदात पडू नका. 'वरच्या चौकोनातून एक बाण उजवीकडच्या शंकरपाळ्याकडे जातो' याला अंत नाही. त्याची सरळ क्रमांकांची यादी करा: '४. अर्ज पूर्ण आहे का? असेल तर ५ वर जा, नसेल तर २ वर.' गंमत म्हणजे अशी यादी झाली की डोळस सहकारीही आकृती सोडून तीच वापरू लागतात.

आकृती एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेघा आणि आकार म्हणून साठवलेली, असेल तर तिच्या आतच शीर्षक, वर्णन आणि प्रत्येक गटाला नाव देता येतं. शिवाय कितीही मोठी केली तरी ती फुटत नाही. भिंग लावून वाचणाऱ्यांसाठी ही दुसरी गोष्ट फार मोलाची आहे.

चौथी पायरी: बोटांसाठी आकृती नव्याने आखणं

इथे जरा थांबू, कारण बहुतेक स्पर्शचित्रं इथेच फसतात.

डोळा आधी सगळं पाहतो आणि मग तपशिलाकडे वळतो. बोटाचं उलटं आहे. त्याला एका वेळी नखाएवढा तुकडा मिळतो, आणि असे तुकडे स्मरणात जोडून वाचक पूर्ण आकार उभा करतो. बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या कळायला त्यांच्यात साधारण २ मिलिमीटरचं अंतर लागतं. ब्रेलचे ठिपकेही त्याच हिशेबाचे आहेत: एका चौकटीतले, म्हणजे सहा ठिपक्यांच्या एका गटातले, शेजारचे दोन ठिपके सुमारे २.५ मिलिमीटरवर, एक चौकट सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंत सुमारे ६ मिलिमीटर, ओळीपासून ओळ सुमारे १० मिलिमीटर, आणि ठिपक्याची उंची जेमतेम अर्धा मिलिमीटर. ही मापं लहान करता येत नाहीत. छापील पुस्तकात जागा कमी पडली की आपण अक्षर बारीक करतो. ब्रेलमध्ये ती पळवाट नाही.

याचा हिशेब करून पाहा. 'काटकोन' या शब्दाला ब्रेलमध्ये सहा चौकटी लागतात, कारण काना आणि ओकार यांनाही स्वतंत्र चौकट असते. म्हणजे साडेतीन सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा. कोनाच्या आत हा शब्द बसवायला गेलात तर कोनच दिसेनासा होईल. म्हणून आकृतीत एकेक अक्षर द्यायचं, आणि कोणतं अक्षर कशाचं याची सूची वेगळ्या पानावर, आकृतीच्या आधी. वाचक आधी सूची वाचतो, मग बोटं आकृतीवर नेतो.

आता डोळ्याच्या आकृतीकडे परत. दुसऱ्या खेपेला मी असं केलं. आधी पुस्तकातल्या आकृतीतली सगळी नावं लिहून काढली. ती अकरा निघाली. धड्यात प्रत्यक्ष चर्चा सहांची होती. बाकीची गाळली. उरलेली माहितीही एका कागदावर कोंबली नाही, दोन चित्रं केली: एक रचनेचं, दुसरं प्रकाशकिरण भिंगातून जाऊन दृष्टिपटलावर कसे जुळतात त्याचं. बाहेरची रेघ जाड, भिंगाची रेघ मध्यम, किरण तुटक ठिपक्यांचे. नावांच्या रेघा काढूनच टाकल्या आणि अक्षरं भागांच्या अगदी शेजारी ठेवली. जिथे रेघेवाचून भागलं नाही तिथे ती सर्वांत बारीक आणि गुळगुळीत ठेवली, आणि तिच्यासारखी दुसरी रेघ चित्रात कुठेही येऊ दिली नाही.

त्या कामातून हाती राहिलेले काही आडाखे असे. दोन रेघांत किमान ३ मिलिमीटरची मोकळी जागा सोडा. खरखरीत किंवा ठिपकेदार पोत भरायचा असेल तर तो भाग पुरेसा रुंद हवा, ६ मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्टीत पोत कळत नाही. एका चित्रात तीन-चार पोतांपलीकडे जाऊ नका. पडद्यावर दहा वेगळे दिसणारे पोत बोटाखाली 'सगळं खरखरीतच' होतात. पोत आणि त्याची सीमारेघ यांच्यात बारीक मोकळी फट ठेवली तर कड चटकन लागते. चित्र फार मोठंही नको. दोन्ही तळवे ठेवले की आवाक्यात यावं.

खोली दाखवायचं आपलं सगळं कसब इथे कुचकामी ठरतं. तिरकस कोनातून काढलेलं टेबल डोळ्याला टेबल वाटतं, पण बोटाला तो वाकडा चौकोन आणि चार असमान काठ्या लागतात. समोरून एक आणि वरून एक अशी दोन सपाट दृश्यं काढा आणि तसं लिहा. त्याहून बरं म्हणजे खरी वस्तू किंवा तिची प्रतिकृती हातात द्या. त्रिमितीय छपाई सोपी झाल्यापासून रेणू, हाडं, इमारती यांची स्पर्शचित्रं मी जवळजवळ करतच नाही.

नकाशाचे तुकडे करावेच लागतात. सीमा, नद्या, पर्वत, शहरं हे सगळं एका कागदावर म्हणजे बोटांसाठी नुसता गुंता. आधी रिकामी बाह्यरेखा, मग त्याच मापाची बाह्यरेखा आणि नद्या, मग तीच बाह्यरेखा आणि शहरं. प्रत्येक कागदाचा वरचा उजवा कोपरा कापून टाका, म्हणजे कागद सुलट धरलाय की नाही हे वाचकाला कुणाला विचारावं लागत नाही.

पाचवी पायरी: कागदावर उठाव आणणं

हाताने करण्यापासून सुरुवात करा असं मी आग्रहाने सांगते. जाड कागद, दोरा, डिंक, वेगवेगळ्या जाडीचे पुठ्ठे, पॉलिश पेपर, आणि शिवणकामात कापडावर खुणा करायचं दातेरी चाक. चाक फिरवताना कागदाखाली रबर ठेवा आणि लक्षात ठेवा की उठाव उलट बाजूला येतो, म्हणून आकृती आरशातल्यासारखी उलटी काढायची. हे विसरून मी एकदा पूर्व-पश्चिम अदलाबदल केलेला नकाशा वर्गात नेला होता. रबरावर ठेवून बॉलपेनने ओढली की लिहिलेल्या बाजूलाच उठणारी प्लास्टिकची पातळ फिल्मही मिळते. ती विद्यार्थ्याला स्वतः आकृती काढायला द्या. स्वतः चार त्रिकोण काढलेलं मूल पाचवा वाचायला चाचरत नाही.

यंत्रांत सगळ्यात सोपं म्हणजे स्वेल पेपर. या कागदावर सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. त्यावर काळ्या शाईने आकृती छापायची आणि छापील बाजू वर ठेवून कागद तापवायच्या यंत्रातून सोडायचा. कार्बन असलेली काळी शाई उष्णता शोषते, तिच्याखालच्या कुप्या फुगतात आणि रेघ वर येते. पांढरा भाग सपाटच राहतो. छपाई पूर्ण काळी करा, करड्या छटा नकोत, त्या अर्धवट फुगून नुसता गोंधळ घालतात. काळ्याने भरलेले मोठे भाग टाळा, तिथे कागद फोडासारखा वर येतो. त्याऐवजी ठिपके किंवा पट्ट्या भरा. उष्णता कमी ठेवून सुरुवात करा, रेघ पुरेशी वर आली नाही तर तोच कागद पुन्हा सोडता येतो. जास्त फुगलेली रेघ मात्र परत बसवता येत नाही. याचा एक सुरेख फायदा असा की रंगीत शाई जवळजवळ फुगत नाही. त्यामुळे अंशतः दिसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी त्याच कागदावर रंग आणि मोठी छापील अक्षरं देता येतात, बोटांना त्यांचा अडथळा होत नाही.

एकाच आकृतीच्या शंभर प्रती हव्या असतील तर थर्मोफॉर्म. दोरा, पुठ्ठा, वाळू चिकटवून एक मूळ साचा करायचा, त्यावर प्लास्टिकचा तापवलेला पत्रा निर्वाताने ओढून बसवायचा. उंचीच्या अनेक पातळ्या मिळतात, पर्वत खरोखर दरीपेक्षा उंच लागतो. घामेजलेल्या बोटांना मात्र ते प्लास्टिक चिकटतं, अशी तक्रार बरेच वाचक करतात.

ब्रेल एम्बॉसर, म्हणजे कागदावर ब्रेलचे ठिपके उठवणारं छपाईयंत्र, ठिपक्यांनी चित्र काढतो. साध्या एम्बॉसरवर ठिपके विरळ असतात, त्यामुळे तिरक्या रेघा आणि वर्तुळं जिन्यासारखी लागतात. जॉन गार्डनर हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक १९८८मध्ये दृष्टी गेल्यावर स्वतःच्याच संशोधनातले आलेख वाचता येईनात म्हणून या प्रश्नामागे लागले. १९९६मध्ये त्यांनी व्ह्यूप्लस ही कंपनी काढली. तिचा टायगर एम्बॉसर इंचाला २० ठिपके उठवतो आणि ठिपक्यांची उंची कमी-जास्त करतो, त्यामुळे गडद-फिका फरक उंचीतून कळतो.

सहावी पायरी: आवाज

आलेख कानांनी ऐकता येतो, आणि हे ऐकून बरेच जण हसतात. रीत साधी आहे. वेळ डावीकडून उजवीकडे सरकतो, आकडा मोठा तसा सूर चढा. वाचनालयाचा आलेख पाच-सहा सेकंदांत ऐकवला तर मेपर्यंत चढत गेलेला सूर जूनमध्ये धपकन पडतो, आणि तो 'धपकन' कुठल्याही वर्णनापेक्षा लवकर कळतो. आयफोनमध्ये २०२१पासून ऑडिओ ग्राफ्स ही सोय आहे. गणितासाठीच्या डेस्मॉसमध्येही वक्र ऐकता येतात. संशोधक पीटर मेयर यांनी १९९२मध्ये मांडलेली 'व्हॉइस' पद्धत तर आणखी पुढे जाते: कॅमेऱ्याचं दृश्य डावीकडून उजवीकडे वाचत उंचीचा सूर करते आणि उजेडानुसार आवाज लहान-मोठा.

कानाच्या मर्यादा ओळखून वापरा. चढ-उतार, शिखर, अचानक तुटणं हे कान पटकन पकडतो. नेमका आकडा त्याला सांगता येत नाही, म्हणून एकदा पूर्ण ऐकवून मग एकेक बिंदू आकड्यासह ऐकायची सोय हवी. एका वेळी एकच रेघ. दोन रेघा एकदम वाजवल्या की आलेखाचा तमाशा होतो.

नवी यंत्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

१९७०च्या दशकात ऑप्टाकॉन नावाचं यंत्र आलं. एका हाताने छोटा कॅमेरा कागदावर फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाखाली कंप पावणाऱ्या १४४ पिनांवर अक्षराचा आकार उमटायचा. आज वर-खाली होणाऱ्या पिनांनी आकृती उमटवणारी यंत्रं आहेत: डॉट पॅडवर चित्रासाठी २,४०० पिना आहेत, मोनार्कवर ३,८४०, म्हणजे ९६ गुणिले ४०. संगणकावरची आकृती काही सेकंदांत बोटांखाली येते, मोठी करता येते, पुसून दुसरी आणता येते. कागदाला हे जमणार नाही. पण चौथ्या पायरीतलं सगळं इथेही लागू आहे, उलट जास्तच, कारण ९६ गुणिले ४० ठिपक्यांत गर्दीची आकृती म्हणजे खडीचा ढीग.

चित्र दाखवून वर्णन मागता येणारी ॲप्स, बी माय आइज किंवा सीइंग एआय यांसारखी, रोजच्या जगण्यात फार कामाची आहेत. फोटोत कोण, डब्यावर काय लिहिलंय, खोलीत खुर्ची कुठे, हे कुणाची वाट न पाहता कळतं. आलेखांच्या बाबतीत मात्र सावध राहा. अक्षावरचे आकडे स्पष्ट लिहिलेले नसतील तर या ॲपमागचं मॉडेल अंदाज करतं, आणि तो अंदाज ठाम वाक्यात सांगतं. मी एकच आलेख तीनदा दाखवला तेव्हा मेचे आकडे तीन वेगळे आले. वाचकांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत दोनदा विचारावा. उत्तरं जुळली नाहीत तर तो नुसता अंदाज आहे असं समजावं. चित्र प्रसिद्ध करणाऱ्यांनी असं वर्णन कच्चा मसुदा म्हणून जरूर घ्यावं, पण तसंच चिकटवू नये. चित्र त्या पानावर का आहे हे त्या मॉडेलला सहसा माहीत नसतं, म्हणून ते शोभेच्या झाडावर तीन वाक्यं खर्च करतं आणि मुद्द्याचा बाण विसरतं.

थोडं दिसणाऱ्यांसाठी

दृष्टिबाधित वाचकांतल्या बऱ्याच जणांना थोडंफार दिसतं, आणि त्यांच्यासाठीचे बदल सगळ्यात सोपे आहेत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा काँट्रास्ट किमान ४.५ ला १, आलेखातल्या रेघा आणि स्तंभ यांचा किमान ३ ला १. फक्त रंगाने फरक दाखवू नका. एक रेघ सलग, दुसरी तुटक करा. रंगांची सूची कोपऱ्यात देण्याऐवजी रेघेच्या टोकालाच तिचं नाव लिहा. आठपट मोठं करून वाचणाऱ्याला सूची आणि रेघ एका वेळी पडद्यावर मिळत नाहीत, तो नुसता ये-जा करत राहतो.

तपासणी

ऑल्ट तपासायला पडदा बंद करा आणि एनव्हीडीए लावून ऐका. तो मोफत आहे. स्पर्शचित्र मात्र डोळ्यांवर पट्टी बांधून तपासू नका. आकृती तुम्हाला आधीच पाठ असते, त्यामुळे तुमचं बोट खोटी साक्ष देतं.

वाचणाऱ्याजवळ बसा आणि हात पाहा. सराईत वाचक बहुधा एका हाताने टेकू धरतो आणि दुसऱ्याने शोध घेतो. बोट एकाच जागी घुटमळायला लागलं की तिथे आकृतीत चूक आहे. त्याचा हात धरून ओढू नका, 'जरा डावीकडे' असं तोंडाने सांगा. 'समजलं का?' असं तर विचारूच नका. मुलं भिडस्त असतात, हो म्हणतात. चित्रावाचून उत्तर देता येणार नाही असं काहीतरी विचारा.

डोळ्याची तिसरी आवृत्ती घेऊन मी त्याच मुलीकडे गेले तेव्हा तिला विचारलं, "दृक्‌चेता जिथून बाहेर पडते तिथे दृष्टिपटलाचं काय होतं?" तिने भिंग शोधलं, तिथून मागच्या भिंतीपर्यंत आली, खरखरीत पट्टीवरून बोट सरकवत नेलं आणि एका ठिकाणी थांबली. तिथे पट्टी तुटत होती.

"इथे काहीच नाही," ती म्हणाली.

"तोच अंधबिंदू. तिथे प्रकाश पडला तरी दिसत नाही."

"कुणालाच?"

"कुणालाच नाही. प्रत्येक डोळ्यात असतो तो."

ती खुदकन हसली. मग ते बोट तिथेच ठेवून दुसऱ्या हाताने शेजारच्या मैत्रिणीचा हात ओढला आणि त्या फटीवर आणून ठेवला.